राजाची कुस्ती आणि दाजींचा निकाल

दाजी,

परवा पेपरात तुमचा फोटो आला. डोक्याला फेटा, हातात माईक, तोंड उघडं. खाली 'ज्येष्ठ कुस्ती निवेदक' असं छापलंय, गावोगावच्या मैदानांची नावं आहेत, खणखणीत आवाजाचं कौतुक आहे. बुद्धिबळाचा एक शब्द नाही. अक्कानं पेपर माझ्यापुढं टाकला आणि म्हणाली, "निम्माच माणूस छापलाय." म्हणजे उरलेला निम्मा मी लिहायचा. अक्का काम सांगत नाही, सोपवते, हे तिच्या नवऱ्याला मी वेगळं सांगायला नको.

तर लिहितोय. शिवाय तुम्हाला एक बातमी द्यायची आहे. काल रविवारी तालमीसमोर राजाची कुस्ती झाली. तुमच्याशिवाय पहिली. आणि माईक कुणाच्या हातात होता, तर माझ्या. तुम्ही आता पोट धरून हसत असणार. वारणानगरच्या डेअरीत आयुष्यभर दुधाचं फॅट तपासलेला, चारचौघांत पाणी मागायलाही लाजणारा तुमचा मेव्हणा, आणि समोर सगळी गल्ली. त्यात यंदाच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीनं माझी चांगलीच पंचाईत करून ठेवलेली. ज्या डावावर विजेतेपद ठरलं, तो डाव बरोबरीत सुटला होता. आपल्या गल्लीत बरोबरी चालत नाही, हे सगळ्यांना माहीत; आणि बरोबरीला बरोबरीच म्हणायचं, यासाठी मी तुमच्याशी जन्मभर भांडलो, हे तुम्हाला माहीत. माईक धरून मी काय केलं ते सांगतो, पण शेवटी. निकाल आधी फुटला की मैदान मोकळं होतं, हा तुमचाच नियम.

तुम्हाला बुद्धिबळ शिकवलं ते गगनबावड्याच्या एसटी स्टँडवर. तुमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आपण तिघं कोकणात कुणाच्या तरी वास्तुशांतीला निघालो होतो आणि घाटात दरड कोसळली म्हणून गाडी स्टँडवर अडकून पडली. बाहेर बावड्याचा पाऊस, आत ओल्या घोंगड्यांचा वास. माझ्या पिशवीत चुंबकाचा छोटा पट होता. मी एकटाच एक जुना डाव मांडत बसलो होतो, तर तुम्ही शेजारच्या बाकावरून मान लांब करून विचारलंत, "पावणं, ह्यातला पैलवान कंचा?"

मी म्हटलं, यात पैलवान नसतो, राजा असतो. तो दुबळा असतो, एकेक घर चालतो, त्याला बाकीचे सांभाळतात. तुम्हाला ते अजिबात पटलं नाही. तरी नियम ऐकून घेतलेत. आणि आपला पहिला डाव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तुमच्यातला निवेदक जागा झाला. माझ्या उंटानं तुमचा घोडा बांधून ठेवला, तर तुम्ही मोठ्यानं म्हणालात की पाहुण्यांच्या उंटानं आमच्या घोड्याचा पट काढलाय आणि घोडं आखाड्यात हौद्याच्या कडेला लागलंय. पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून बघितलं. मग कंडक्टर आला. मग चहावाला किटली घेऊन आला तो तिथंच थांबला. तुम्ही माझ्याकडून सपाटून हरत होता आणि अर्धी एसटी तुमच्या बाजूनं उभी होती. मात झाल्यावर तुम्ही उठून मला उराउरी भेटलात, माझा हात धरून वर केलात आणि मला चारी दिशांना फिरवलंत. दरड निघाल्याचं ड्रायव्हरला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

त्याआधी मला तुमची जरा भीती वाटायची. हुपरीतल्या आमच्या घरी दिवसभर पैंजणं घडवण्याचा बारीक आवाज, त्यात बोलायचं झालं तरी हळू. आणि जावई मिळाला तो असा. त्या दिवशी स्टँडवर मला पहिल्यांदा वाटलं की अक्काचं बरं चाललं असणार.

पुढं मी तुम्हाला राष्ट्रीय स्पर्धेचं वेड लावलं. म्हणजे वेड मला होतं, तुम्हाला त्याची लागण झाली. मी वारणानगरहून येताना कात्रणं आणायचो, मासिकं आणायचो, नंतर मोबाईल आला. तुम्हाला मोहऱ्यांच्या चालींपेक्षा माणसं हवी असायची. विजेता कुठला, खातो काय, घरचं कोण खेळत होतं, हरल्यावर तोंड कसं करतो. मला यातलं फारसं माहीत नसायचं. मग तुम्ही स्वतःच ठरवायचा. एका दक्षिणेकडच्या विजेत्याला तुम्ही 'लोण्याचा पैलवान' म्हणायचा, कारण त्याचा डाव बघताना कुठं जोर लावलाय ते दिसायचं नाही आणि समोरचा वितळलेला असायचा. बँकेत नोकरी करणारा एक विजेता होता, त्याला 'कॅशियर', कारण घेतलेलं प्यादं तो कधी परत द्यायचा नाही. खरी नावं मी पुन्हा पुन्हा सांगायचो आणि तुम्ही ती पुन्हा पुन्हा विसरायचा. आज तालमीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो तुम्हाला राष्ट्रीय विजेत्यांची सगळी परंपरा सांगेल. पण खऱ्या नावानं एकही नाही.

जुन्या काळी आपल्याकडं देशी नियमांनी खेळायचे, प्रांताप्रांतात वेगळे, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही जेवता जेवता थांबला होता. त्या नियमांत राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. तुम्ही म्हणालात, मग ही उडी काढली कुणी? मी म्हटलं, जगाशी खेळायचं तर जगाचे नियम घ्यावे लागतात. तुम्हाला ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून तुमचा सिद्धान्त तयार झाला तो शेवटपर्यंत बदलला नाही: राजाची उडी काढली म्हणून राजे भित्रे झाले, आणि राजे भित्रे झाले म्हणून बरोबऱ्या वाढल्या. या सिद्धान्ताला काडीचा पुरावा नाही, हे मी तुम्हाला तुमच्या ओसरीवर, लग्नमांडवात, अगदी रस्सा वाढता वाढतासुद्धा सांगितलं आहे. पुन्हा सांगतो. पुरावा नाही, दाजी.

राजाची कुस्ती सुरू झाली ती केवळ नाइलाज म्हणून. तालमीच्या मैदानाला बाहेरून मोठा पैलवान यायचा होता आणि त्याची गाडी आलीच नाही. माणसं बसलेली, हलगी वाजून वाजून थकलेली, वस्ताद येरझाऱ्या घालतायत. वस्ताद तेव्हाही वस्तादच होते, त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. ते तुमच्या कानाशी येऊन म्हणाले, माणसं धरून ठेव. तुम्ही सगळ्या पैलवानांच्या गोष्टी सांगून संपवल्यात. मग तुम्हाला आदल्या आठवड्यात मी दाखवलेला राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा डाव आठवला. तुम्ही सरळ हौद्यात उतरलात आणि काठीनं लाल मातीत पट आखलात. पूजेचे दोन नारळ राजे झाले. विटांचे हत्ती केलेत, आणि माती मळताना घालायला आणलेली लिंबं प्यादी म्हणून मांडलीत. मला तर वाटलं, वस्ताद आता तुम्हाला त्याच मातीत आडवं करणार. पण वस्ताद काठावर उकिडवे बसून बघत राहिले. पांढऱ्याचा हत्ती सातव्या ओळीत घुसला आणि तुम्ही म्हणालात की हत्तीनं दुसऱ्याच्या घरात जाऊन शड्डू ठोकलाय, तेव्हा हलगीवाल्यानं आपण होऊन हलगी वाजवली. तिथून प्रत्येक शहाला हलगी, ही प्रथा पडली.

मग दरवर्षी. राष्ट्रीय स्पर्धा संपली की पुढच्या रविवारी संध्याकाळी तालमीसमोर. पुढं प्लायवूडचा मोठा पट झाला, त्याला खिळे, पत्र्याची मोहरी. विजेता काही कोल्हापुरात नसायचा, म्हणून त्याचा फेटा वस्तादांच्या डोक्याला बांधायचा. एकदा अक्का दारात उभी राहून म्हणाली, "बायकाबी खेळत्यात न्हवं देशाचं? त्येंचं का सांगत न्हाईसा?" त्या वर्षापासून तुम्ही आधी महिला विजेतीचा डाव सांगायला लागलात, आणि तालमीच्या भिंतीपलीकडं कधी न आलेल्या बायका सतरंज्या घेऊन पुढं बसायला लागल्या. मला वाटतं, त्या काळात कोल्हापुरातल्या एवढ्याशा गल्लीत जितक्या बायकांना राष्ट्रीय विजेतीचा शेवटचा डाव पाठ होता, तितक्या दुसरीकडं कुठं नसतील.

आता भांडणाकडं येतो. सोडणार नाही.

मी तुम्हाला डाव कागदावर लिहून द्यायचो. एका वर्षी डेअरीतून निघायला मला उशीर झाला आणि मी मैदान रंगात आल्यावर पोचलो. तुम्ही काळ्या राजाला पटाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळवत होता. माणसं उभी राहिली होती. मी बघतच राहिलो. त्या डावात काळा राजा जागचा हललेलाच नव्हता. मोहरी बरीच शिल्लक असतानाच दोघांनी हात मिळवला होता आणि अर्धा अर्धा गुण घेऊन जेवायला गेले होते. ते मी कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तुम्ही हात मिळवण्याची ओळ गाळून तिथून पुढचा डाव मनानं खेळत होता, दोन्ही बाजूंनी, मातीत रक्त सांडल्यासारखा. काळा मेला. फेटा बांधला. हलगी.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी म्हणालो, दाजी, हे दुधात पाणी घालणं झालं. तुम्ही शांतपणे भाकरी मोडलीत आणि म्हणालात, "पाणी न्हवं पावणं, साखर घातली. मैदानाला आलेल्या माणसाला बरोबरी दावायची म्हंजे जेवायला बोलवून मोकळं ताट म्होरं ठेवायचं."

मी म्हणालो, पण इतिहास आहे हा.

"इतिहास तुम्ही सांगा की डेअरीत. मी कुस्ती सांगतोय."

नंतर लक्षात आलं की हे पहिल्यांदा नव्हतं. जिथं जिथं बरोबरी, तिथं तिथं तुम्ही निकाल लावला होता. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी विजेतेपद दोघांत विभागून गेलं होतं. तुम्ही ते वर्षच गाळलंत. फेटा एक आणि डोकी दोन, हे कसं सांगायचं, असा तुमचा सवाल. त्यामुळं सगळ्या देशात राष्ट्रीय स्पर्धेचा इतिहास पहिल्या वर्षापासून सुरू होतो आणि आपल्या गल्लीत दुसऱ्या.

आणि त्या पाहुण्याचं आठवतं का? एका वर्षीचा राष्ट्रीय विजेता कोल्हापुरात कुठल्या तरी खुल्या स्पर्धेला आला होता. शेवटच्या फेरीत बरोबरी करून तो विजेता झालेला. पण तुम्ही तालमीसमोर त्याला हरवलेलं होतं, आणि तेही वजीर मारून. वस्तादांना कळल्यावर ते चार पैलवान घेऊन त्याला भेटायला गेले आणि मानानं तालमीत घेऊन आले. मी धावत आलो तेव्हा तो तरुण चष्मेवाला माणूस पैलवानांच्या मधोमध बसला होता, हातात दुधाचा पेला, आणि सगळे त्याचं सांत्वन करत होते. वस्ताद म्हणत होते, "पावणं, मनाला लावून घिऊ नगासा. वजीर गेला तवाच आम्हास्नी कळलं. पर तुम्ही शेवटपतोर लढलासा." देशाचा विजेता त्यांच्याकडं बघत होता. मग त्यानं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही आढ्याकडं बघत होता. मला वाटलं, आता फुटणार. तर तो पेला खाली ठेवून म्हणाला, "हो, वजीर गेला तिथंच चुकलं." मान खाली घालून त्यानं हरलेल्याचा फेटा बांधून घेतला. बाहेर पडताना मला हळूच म्हणाला की जिंकलो तेव्हा मला एक करंडक आणि एक प्रमाणपत्र मिळालं होतं, इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं.

मी तुमच्यावर त्या दिवशी केवढा चिडलो होतो. देशाच्या विजेत्याला हरवलंत, म्हणून. तुमचं उत्तर तयार होतं की म्हणून तर फेटा बांधला.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही मनानं खेळलेल्या त्या चाली मी परत जाताना एसटीत आठवून लिहायचो आणि वारणानगरच्या क्वार्टरमध्ये पट मांडून बघायचो. खोटं पकडायला, दुसरं काही नाही. बऱ्याच फालतू असायच्या. तुमचे घोडे पाहिजे तिथं जायचे, नियम विचारायचे नाहीत. पण मधूनच एखादी अशी निघायची की मी खुर्चीत मागं टेकून बसायचो. एकदा तुम्ही बरोबरीच्या डावात हत्ती फुकट देऊन प्यादं पुढं काढलं होतं, लोकांना टाळ्या वाजवायला मिळाव्यात म्हणून. मी तीन संध्याकाळी तो हत्ती घेऊन काळ्याला वाचवता येतं का ते बघितलं. येत नव्हतं. त्या दोन खेळाडूंनी हात मिळवायची घाई केली होती आणि जिंकायची वाट तुम्हाला दिसली होती. ती तुम्हाला दिसली की नुसती लागली, देव जाणे. मी सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असता, म्हणून बोललो नाही. आता बसा.

शेवटच्या दिवसांत तुम्ही दवाखान्यात होता आणि स्पर्धा चालू होती. आवाज बसला होता. तुमचा आवाज बसलेला ऐकणं हे तुमच्या आजारापेक्षा मला जड गेलं, हे सरळ सांगतो. मी मोबाईलवर रोजची फेरी दाखवायचो. तुम्ही बोटानं विचारायचा, कोण पुढं. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी दोघं गुणांत जवळजवळ होते आणि त्यांचीच गाठ पडणार होती. तुम्ही मला खाली वाकायला लावून म्हणालात, "उद्या मारामारी हुनार." डोळ्यांत नेहमीची चमक. उद्या उजाडायच्या आधी तुम्ही गेलात. आणि ते दोघं दुपारी समोरासमोर बसले, थोडे खेळले आणि हात मिळवून उठले. दिवसकार्याच्या धांदलीत मला ते कुणीतरी सांगितलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला, बरं झालं, दाजींना ऐकावं लागलं नाही. दुसरा विचार आला तो राजाच्या कुस्तीचा.

दिवस उरकेपर्यंत ठरलेला रविवार निघून गेला, तेव्हा वस्तादांनी अक्काला विचारलं, यंदा बंद ठेवायचं का. अक्का म्हणाली, बंद कशाला, माझा भाऊ हाय की. हे मला न विचारता. मी तिला सांगितलं की डाव बरोबरीत आहे, आणि मी खोटं सांगणार नाही, आणि खरं सांगितलं तर माणसं उठून जातील, मग पुढच्या वर्षी कुणी यायचं नाही. म्हणजे दाजींनी उभं केलेलं माझ्या हातानं मोडणार. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "आरं, तुला जमंल तसं सांग की. त्येंच्यावाणी कोन मागतंय?"

रविवारी मी तालमीसमोर जाऊन उभा राहिलो. माणसं नेहमीपेक्षा जास्त. पुढं सतरंजीवर बायका, अक्का त्यांच्यात. मागं पैलवान. मी आधी महिला विजेतीचा डाव सांगितला, तो निकाली होता, तो बरा गेला. हलगीवाल्यानं मला सांभाळून घेतलं. मग दुसरा डाव. एकेक चाल लावत मी त्या हात मिळवण्यापाशी आलो. पटावर दोन्हीकडं एकेक हत्ती, थोडी प्यादी, पांढऱ्याचं एक प्यादं जास्त. मी म्हणालो, "इथं दोघांनी हात मिळवला. डाव बरोबरीत सुटला." आणि माईक खाली घेतला.

कुणी उठलं नाही. वस्तादांनी खुर्चीतूनच विचारलं, "मग म्होरं?"

मी म्हणालो, पुढं काही नाही वस्ताद. खरंच इतकंच खेळले.

"ते ठाव हाय की. मोबाईल आमच्याकडंबी हाय. दाजी सांगायचा तवाबी ठाव असायचं. त्या पावण्याला फेटा बांधताना काय आम्हास्नी ठाव न्हवतं व्हय?" वस्तादांनी पटाकडं बोट केलं. "बरोबरी झाली ते ऐकायला कोन येतंय? तिथनं म्होरं दाजी काय करतोय, त्ये बघायला यायचो."

दाजी, सगळी गल्ली माहीत असून इतकी वर्षं टाळ्या वाजवत होती. तुम्हाला हे माहीत होतं का? मला आता वाटतं, होतं. मी एकटाच सत्याचा ठेका घेऊन मागं उभा होतो.

मी माईक पुन्हा उचलला आणि म्हणालो की मला दाजींसारखं दोन्हीकडून खेळता येणार नाही. तुम्ही सांगा, मी लावतो. एका क्षणात गल्लीची वाटणी झाली. वस्ताद आणि पैलवान पांढरे, कारण एक प्यादं जास्त. बायका काळ्या, कारण वस्ताद पांढरे. आणि मग काय सांगू. तुमच्या कुठल्याही मैदानाला नसेल इतका गोंधळ. पैलवान एक चाल सांगायचे, त्यांच्यातच भांडणं व्हायची, वस्ताद हात वर करून ठरवायचे. बायका डोकी एकत्र करून कुजबुजायच्या आणि अक्का उठून चाल सांगायची. ती चाल चांगली असेल तर मी पटाकडं तोंड करून हसून घ्यायचो. हत्तीवर हत्ती गेले. प्यादी झडली. दिवे लागले. शेवटी पांढऱ्याचा राजा, एक प्यादं, आणि समोर एकटा काळा राजा.

पांढरा जिंकला होता. राजा एक घर पुढं सरकवायचा, बस. मला ते लख्ख दिसत होतं. पण पैलवानांना प्यादं पुढं ढकलून शह देता येत होता, आणि शह म्हटलं की हलगी. वस्ताद म्हणाले, "ढकल."

मी त्यांच्याकडं बघितलं. तुम्ही असता तर तुम्हाला 'ढकल' ऐकूच आलं नसतं. तुम्ही राजा सरकवला असता आणि वस्तादांनी तो आपणच सांगितला असं पुढं वर्षभर सांगितलं असतं. माझाही हात एकदा राजाकडं गेला. पण सांगतील ते लावतो म्हणालो होतो. मी प्यादं ढकललं. हलगी कडाडली. पैलवान नाचायला लागले. अक्कानं काळा राजा प्याद्याच्या समोर आणून उभा केला. प्यादं सोडावं तर संपलं, म्हणून वस्तादांनी आपला राजा त्याच्या पाठीशी आणला. आणि काळ्याला हलायला घर उरलं नाही. शह नाही आणि जागाही नाही. मी माईकमध्ये सांगितलं की कोंडी झाली, डाव बरोबरीत.

आधी बायकांतून कुणीतरी हसलं. मग सगळेच. वस्ताद कपाळाला हात लावून हसत होते, पैलवान एकमेकांना तुझ्यामुळं तुझ्यामुळं करत होते, हलगीवाला कशाला वाजवायची ते न कळून वाजवत सुटला होता. फेटा वस्तादांनी अक्काच्या हातात दिला आणि म्हणाले, घरी ठेव, पुढच्या साली लागंल. म्हणजे पुढच्या साली आहे, दाजी. काळजी नसावी. आपल्या गल्लीत पहिल्यांदा बरोबरी झाली आणि तिला टाळ्या पडल्या. खरी बरोबरी, चालीला चाल लावून झालेली.

माणसं पांगायला लागली. मी पटाजवळच राहिलो. मोहरी काढायची होती, पण हात लाववेना. मला वाटत होतं, आता मागून कुणीतरी येईल, मला बाजूला सारेल, तो पांढरा राजा उचलून हवा तिथं ठेवेल आणि म्हणेल, ह्यो काय निकाल झाला व्हय पावणं? मी बराच वेळ वाट बघितली. कुणी आलं नाही. दोन्ही राजे समोरासमोर तसेच उभे राहिले, आणि मधे ते एक प्यादं.

इतकी वर्षं ज्या बरोबरीसाठी मी तुमच्याशी भांडलो ती मला मिळाली, दाजी. आणि तालमीच्या भिंतीकडं तोंड करून मी रडलो.